द्राक्षबाग ते क्लाउड: सेल्युलर संवेदकांच्या एमक्यूटीटी जोडणीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील चाळीस द्राक्षबागांमध्ये पानांवरचा ओलावा, हवेचे तापमान व आर्द्रता आणि जमिनीतील दोन खोलींवरची ओल मोजणारी यंत्रे बसवायची आणि त्यांची मापने एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या क्लाउडवरील माहितीसाठ्यात पोहोचवायची, असे या कामाचे स्वरूप आहे. गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत डाऊनी या रोगाची धास्ती सर्वाधिक असते, आणि सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर बागेत घालायचा की नाही हे रात्री पान किती तास ओले राहिले यावर बऱ्याच अंशी ठरते. पहाटेचे मापन दुपारी पोहोचले तर त्या दिवशीच्या निर्णयाला त्याचा उपयोग नाही. पण ते कायमचे हरवले तर ओल्या तासांची पुढची सगळी बेरीज चुकते. वेळेवर पोहोचणे आणि न हरवणे या दोन स्वतंत्र अटी आहेत आणि त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणे शोधावी लागतील, हे पहिल्याच बैठकीत ठरले.

कंपनीचा माहितीसाठा एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई विभागात आधीपासून चालू आहे आणि पॅकहाउसमधील शीतगृहांची तापमाने तेथील आयओटी कोअर या यंत्रांची माहिती स्वीकारणाऱ्या सेवेतूनच येतात. नवी मापनेही त्याच वाटेने यावीत, म्हणजे इशाऱ्यांचे नियम एकाच ठिकाणी राहतील, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे.

प्रोटोकॉल म्हणून एमक्यूटीटी निश्चित केला; यात यंत्रे ब्रोकर नावाच्या मध्यस्थ सर्व्हरकडे ‘टॉपिक’ या शीर्षकाखाली लहान संदेश पाठवतात आणि तेथूनच घेतात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती महागड्या उपग्रह जोडणीवरून आणण्यासाठी तयार केला, ३.१.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये ओएसिस या मानक-संस्थेचे मानक झाली आणि पाचवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तासातून एकदा जागे होऊन मोजके आकडे पाठवणाऱ्या यंत्राला खरे तर एचटीटीपीएसही चालले असते. आमचा कल एमक्यूटीटीकडे झुकला तो उलट्या दिशेमुळे: झोपलेल्या यंत्रासाठीची आज्ञा ब्रोकरकडे थांबून राहते आणि यंत्र उठून जोडले गेले की त्याला मिळते. या सोयीचा पुढे पुष्कळ उपयोग होईल असा अंदाज आहे.

१९ ऑगस्ट २०२४

रेडिओची निवड. एनबी-आयओटी हा यंत्रांसाठीचा कमी वेगाचा मोबाइल जोडणीचा प्रकार कागदावर आकर्षक आहे: १८० किलोहर्ट्झची अरुंद पट्टी, खोलवर पोहोचणारा सिग्नल आणि फार कमी वीज. परंतु त्या जोडणीत कमकुवत सिग्नलच्या ठिकाणी एका फेरीला काही सेकंद लागू शकतात, आणि टीसीपी या इंटरनेट जोडणीवर टीएलएस हे कूटबद्ध संरक्षण व त्यावर एमक्यूटीटी अशी फेऱ्यांनी भरलेली रचना तिच्यावर चालवणे म्हणजे कालबाह्यतेच्या मर्यादांशी सतत झगडणे होय. शिवाय प्रत्येक बागेत ती सेवा मिळेल याची खात्री आम्हाला देता येत नाही. २जीचाही विचार सोडला, कारण जिओकडे २जी जाळेच नाही आणि सिमची कंपनी बदलण्याचा मार्ग आम्हाला मोकळा ठेवायचा आहे.

म्हणून एलटीई कॅट १ बिस. एकाच अँटेनावर चालणारा हा प्रकार नेहमीच्याच ४जी टॉवरवर काम करतो, त्यामुळे ज्या बागेत शेतकऱ्याच्या मोबाइलवर ४जी येते तेथे तो चालण्याची शक्यता मोठी. त्याचा १० मेगाबिटचा वेग आम्हाला अजिबात नको आहे, पण त्यासोबत येणारा कमी विलंब हवा आहे. वीज जास्त लागते. तिचा हिशेब पुढे.

२७ ऑगस्ट २०२४

आजचा पूर्ण दिवस सिमच्या अटी समजून घेण्यात गेला, आणि सगळ्या रचनेचा आकार त्यातूनच ठरला.

यंत्रांसाठीची एम२एम सिम ही मोबाइलच्या सिमसारखी मोकळी नसतात. त्यांचा क्रमांक तेरा अंकी असतो, आणि दूरसंचार विभागाने मे २०१८ मध्ये घातलेल्या निर्बंधांनुसार अशा सिमवरून डेटा केवळ ठरवून दिलेल्या एपीएनवरून (मोबाइल जाळ्यातून डेटा बाहेर पडण्याच्या दारावरून), ठरवून दिलेल्या आयपी पत्त्यांकडेच जाऊ शकतो. गैरवापर टाळण्यासाठी हे योग्यच आहे, कारण बागेतल्या खांबावरून काढलेले सिम कोणी फोनमध्ये घातले तर त्यावर काहीच चालू नये. अडचण अशी की आयओटी कोअरसारख्या सेवेचा पत्ता नावाने दिलेला असतो आणि त्या नावामागचे आयपी पत्ते केव्हाही बदलू शकतात. ज्या गोष्टीची यादी कायम करून द्यायची ती गोष्टच कायम नाही.

तीन पर्याय मांडले. पहिला, मोबाइल कंपनीकडून खासगी एपीएन घेऊन तिच्या जाळ्यापासून आमच्या क्लाउडमधील खासगी जाळ्यापर्यंत व्हीपीएन बोगदा टाकणे. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत नीटनेटका, पण चाळीस सिमसाठी त्याचा खर्च परवडत नाही. दुसरा, मोठ्या क्लाउड कंपन्यांचे पत्त्यांचे संपूर्ण गट यादीत घालणे; सिम कंपनीने ते स्पष्टपणे नाकारले, आणि निर्बंधांचा हेतू पाहता त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तिसरा, मुंबई विभागातच एक लहान सर्व्हर घेऊन त्याला स्थिर आयपी देणे, त्यावर मॉस्किटो हा ब्रोकर चालवणे आणि तेथून आयओटी कोअरकडे सेतू जोडणे. तिसरा स्वीकारला. यात सांभाळायला एक सर्व्हर वाढतो हे खरे, पण मोबदल्यात क्लाउडची कंपनी बदलली तरी बागेतल्या यंत्रांना हात लावावा लागत नाही. गूगलने आपली आयओटी कोअर सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली, तेव्हा ज्यांच्या यंत्रांत त्या सेवेचा पत्ता कोरलेला होता त्यांना काय करावे लागले असेल याची कल्पना करता येते.

यादीत दोन स्थिर पत्ते नोंदवायला सांगितले आहेत, एक चालू आणि एक राखीव. यादीत बदल करायला अर्ज, शिक्का आणि काही दिवस लागतात. सर्व्हर बंद पडल्यावर तो अर्ज भरत बसणे परवडणारे नाही.

४ सप्टेंबर २०२४

मॉस्किटो बसवला. ८८८३ हे टीएलएसचे पोर्ट उघडे, संरक्षण नसलेले १८८३ पूर्ण बंद. यंत्राची ओळख त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रातील नावावरूनच घेतली जाईल, वेगळे वापरकर्तानाव व पासवर्ड नाहीत, आणि प्रवेशाच्या नियमांत प्रत्येक यंत्राला केवळ स्वतःच्या नावाच्या टॉपिकवर लिहिण्याची व वाचण्याची मुभा आहे. एखाद्या बागेतील यंत्र चोरीला गेले तर चोराच्या हाती त्या एका यंत्राचाच आवाज लागेल.

आयओटी कोअरच्या काही मर्यादा सेतूच्या मांडणीत आधीच गृहीत धरल्या आहेत: तेथे क्यूओएस २ (संदेश नेमका एकदाच पोहोचवण्याची पातळी) चालत नाही, एका टॉपिकमध्ये सातपेक्षा जास्त तिरप्या रेषा चालत नाहीत, संदेश १२८ किलोबाइटपेक्षा मोठा असू शकत नाही आणि कीप-अलाइव्हचा, म्हणजे शांत जोडणी जिवंत मानण्याचा, काळ जास्तीत जास्त १२०० सेकंद असतो. क्यूओएस २ नसल्याचे आम्हाला दुःख नाही. नेमके एकदाच पोहोचवण्याचे त्याचे आश्वासन दोन टोकांमधल्या एका टप्प्यापुरते असते, आणि आमच्या वाटेत टप्पे अनेक आहेत.

११ सप्टेंबर २०२४

आयपी पत्त्यांच्या यादीचे दोन दूरगामी परिणाम आज प्रयोगशाळेतील टेबलावर दिसले.

पहिला परिणाम नावांचा. सिमच्या यादीत नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर नाही, त्यामुळे यंत्राला ब्रोकरचे नाव विचारून पत्ता मिळवता येत नाही. ते थेट आयपीकडे जाते. मग टीएलएसमध्ये सर्व्हरची ओळख पटवताना प्रमाणपत्रात नावाऐवजी तोच आयपी पत्ता पर्यायी नावांच्या रकान्यात असावा लागतो. आम्ही स्वतःचे प्रमाणन केंद्र तयार करून त्याचे मूळ प्रमाणपत्र यंत्रांत भरले आहे, त्यामुळे दोन्ही आयपी त्या रकान्यात घालणे सोपे गेले. सर्व्हरची पडताळणी बंद करून काम भागवण्याचा सोपा रस्ता मोबाइल मॉड्यूलच्या (यंत्रातील ४जी भागाच्या) सेटिंगमध्ये एका अंकावर उपलब्ध असतो आणि अनेक नमुना प्रोग्रॅममध्ये तोच वापरलेला दिसतो. तो अंक आमच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातील प्रोग्रॅममध्ये) कुठेही बदलता येणार नाही अशी तजवीज केली.

दुसरा परिणाम वेळेचा, आणि तो अधिक त्रासदायक आहे. प्रमाणपत्राची मुदत तपासायला यंत्राला आजची तारीख माहीत हवी. वेळ सांगणारे एनटीपी सर्व्हर यादीत नाहीत, म्हणून वेळ मोबाइल जाळ्याकडूनच घ्यावी लागते. मॉड्यूलला घड्याळ विचारले की उत्तराच्या शेवटी अधिक बावीस असा आकडा येतो. हा फरक पंधरा मिनिटांच्या भागांत मोजलेला असतो. बावीस गुणिले पंधरा म्हणजे तीनशे तीस मिनिटे, म्हणजेच आपली साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ. मात्र जाळ्याकडून वेळ येईपर्यंत तेच मॉड्यूल १९८० साल दाखवते, आणि १९८० मध्ये आमचे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नसते, म्हणून हँडशेक (टीएलएस जोडणीच्या सुरुवातीची ओळखीची देवघेव) नाकारला जातो. काही टॉवर ही वेळ लगेच देतात, काही उशिरा देतात, काही देतच नाहीत.

यासाठी यंत्राच्या सर्किट-फलकावर नाणे-सेलवर चालणारे स्वतंत्र घड्याळ बसवले. जाळ्याची वेळ मिळाली की ते दुरुस्त होते; न मिळाल्यास त्याचीच वेळ मॉड्यूलला दिली जाते; आणि दोन्हींपैकी कोणतीही वेळ फर्मवेअर तयार झाल्याच्या तारखेपूर्वीची असेल तर ती खोटी मानली जाते. मापनांबरोबर जाणारी वेळ सर्वत्र जागतिक प्रमाणवेळेतील सेकंदांत राहील. साडेपाच तासांची भर शेतकऱ्याच्या पडद्यावर दाखवतानाच घालायची.

२० सप्टेंबर २०२४

टॉपिकची रचना: प्रकल्प, आवृत्ती, यंत्राचा अनुक्रमांक आणि शेवटी मापन, स्थिती, आज्ञा किंवा सेटिंग यांपैकी एक. गाव, शेतकऱ्याचे नाव आणि द्राक्षाचा वाण टॉपिकमध्ये घालण्याची सूचना आली होती, म्हणजे उगावच्या सगळ्या बागा एका खुणेने मागवता येतील. ती स्वीकारली नाही. यंत्र उगावहून जानोरीला हलवले तर टॉपिक बदलावा लागेल, आणि त्याबरोबर प्रवेशाचे नियमही. कोणते यंत्र कोणत्या बागेत आहे ही माहिती तारखेसह माहितीसाठ्यातल्या तक्त्यात राहील.

मराठीत टॉपिक लिहिता येतात का, असाही प्रश्न आला. येतात, एमक्यूटीटीचे टॉपिक यूटीएफ-८ मध्ये असतात आणि देवनागरीला आडकाठी नाही. फक्त प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि हलंत तीन-तीन बाइट घेतात, आणि टॉपिक तर प्रत्येक संदेशाबरोबर जातो. दोष शोधताना टर्मिनलवर टॉपिक टंकायचा असतो हाही विचार केला आणि अनुक्रमांक साध्या अंकांतच ठेवला.

ब्रोकरकडे जाताना यंत्राने सांगायची ओळख म्हणून मॉड्यूलचा पंधरा अंकी आयएमईआय न घेता फलकाचा अनुक्रमांक घेतला. मॉड्यूल जळाल्यास बदलले जाते आणि आयएमईआय त्याबरोबर जातो. फलक मात्र त्या बागेचा राहतो. दोन यंत्रांनी एकच ओळख सांगितली तर ब्रोकर जुन्या जोडणीला तोडतो, मग ते यंत्र पुन्हा जोडले जाऊन दुसऱ्याला तोडते, आणि ही ढकलाढकली अखंड चालू राहते. हा प्रकार टाळण्यासाठी अनुक्रमांक कारखान्यातच प्रमाणपत्राबरोबर लिहिला जातो.

१ ऑक्टोबर २०२४

बागांमध्ये बसवणी सुरू. छाटणी झालेल्या बागेत मांडव उघडा असतो आणि सिग्नल छान येतो, पण महिन्याभरात पानोरा (पानांचा पसारा) भरला की तोच खांब पाने, गॅल्व्हनाइज्ड तारा आणि ओलावा यांच्या मधोमध येणार आहे. म्हणून संवेदक मांडवात आणि अँटेना मांडवाच्या वर, वेगळ्या पाइपवर, असे सर्वत्र केले. मॉड्यूलचा सिग्नल आकडा शून्य ते एकतीसमध्ये असतो. त्याच्या दुपटीत −११३ मिळवले की डेसिबल-मिलिवॅट मिळतात, म्हणजे अकरा आला तर −९१. खेडगावच्या एका बागेत तारांच्या पातळीवर सात आणि पाइपच्या टोकावर पंधरा आला. सिग्नल सोळा डेसिबलने सुधारणे म्हणजे शक्तीत चाळीसपट फरक, आणि त्याची किंमत अडीच मीटर पाइप.

विजेबाबत एक गोष्ट नोंदवून ठेवावी. आमचे मॉड्यूल ४जी न मिळाल्यास २जीवर जाऊ शकते आणि २जीवर पाठवताना, दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक काळ, सुमारे २ अँपिअर इतका प्रवाह खेचते. तेवढ्या क्षणात लांब, बारीक तारेतून येणारा व्होल्टेज कोसळतो आणि मॉड्यूल पुन्हा सुरू होते. मल्टिमीटरवर सगळे ठीक दिसते, ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय कारण सापडत नाही. मॉड्यूलच्या पिनजवळ कमी रोधाचा मोठा कपॅसिटर आहेच, तरीही २जीवर जाणे सेटिंगमधूनच बंद केले. काम संपल्यावर मॉड्यूलला बंद होण्याची आज्ञा देऊन, त्याने बंद झाल्याचे सांगितल्यावरच वीजपुरवठा तोडला जातो, कारण तसे न केल्यास त्याच्या आतील फाइल-साठा, पर्यायाने त्यातील प्रमाणपत्रे, बिघडू शकतात.

९ ऑक्टोबर २०२४

डेटाचा हिशेब. एका मापनाचा संदेश टॉपिकसह दोनशे बाइटांच्या आत बसतो. एमक्यूटीटीचे स्वतःचे ओझे नगण्य आहे; स्थिर शीर्षक दोन बाइटांपासून सुरू होते. टीएलएसचा हँडशेक मात्र, दोन्ही बाजूंच्या प्रमाणपत्रांसह, साधारण पाच-सहा किलोबाइटांचा होतो. दर पंधरा मिनिटांनी जोडणी केली तर दिवसाला शहाण्णव हँडशेक होतात, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटाच्या आसपास जाणारा रोजचा खर्च, आणि त्यात प्रत्यक्ष मापने वीस किलोबाइटांहून कमी. टपालखर्च पत्राचा नसून लिफाफ्याचा आहे.

हा हिशेब पाहिल्यावर संदेशाचा आकार घटवण्याच्या चर्चेला अर्थ उरला नाही. मापने बाइटांच्या घट्ट गाठोड्यात बांधावीत, जेसन (मजकुराच्या रूपातील मांडणी) नको, असा एक आग्रह होता. त्यातून वाचणारे बाइट हँडशेकपुढे किरकोळ आहेत, आणि आयओटी कोअरच्या नियमांना जेसन थेट वाचता येतो. लहान नावांचा जेसन कायम केला. मोजणी दर पंधरा मिनिटांनी, पाठवणी तासाला, एका संदेशात चार मापने. आयओटी कोअरवर संदेशाचे शुल्क पाच किलोबाइटांच्या टप्प्याने लागते, त्यामुळे चार मापनांचा एक संदेश तेथेही चौपट स्वस्त पडतो.

जोडणी उघडीच ठेवून हँडशेक टाळावा का? मोबाइल कंपनीच्या जाळ्यात आमच्या सिमला खासगी आयपी मिळतो आणि मधले नॅट (खासगी आणि सार्वजनिक पत्ते जुळवणारी यंत्रणा) निष्क्रिय जोडणी काही काळाने न सांगता विसरून जाते. यंत्राला वाटते जोडणी आहे, ब्रोकरलाही कीप-अलाइव्हच्या दीडपट काळ तसेच वाटत राहते, आणि मधे कोणीच नसते. तो काळ कंपनीगणिक वेगळा असल्याने त्याच्या भरवशावर रचना उभी करायची नाही. शिवाय मॉड्यूल जागे ठेवण्याची वीज आमच्या सौर पॅनेलला पावसाळी हवेत झेपणार नाही.

यंत्रे तासाच्या ठोक्याला एकदम जागी होऊ नयेत म्हणून अनुक्रमांकावरून प्रत्येकाचे मिनिट ठरवले आहे.

२४ ऑक्टोबर २०२४

ब्रोकर आणि क्लाउड यांच्यातील सेतू आज मुद्दाम काही तास तोडून ठेवला. बागेतील सर्व यंत्रांनी नेहमीप्रमाणे संदेश पाठवले, सर्वांना पोच मिळाली, मॉड्यूलने यशाचा शून्य परत केला, आणि कंपनीच्या पडद्यावर एकही नवे मापन नव्हते. यात दोष कोणाचाच नाही. क्यूओएस १ या किमान एकदा पोहोचवण्याच्या पातळीची पोच इतकेच सांगते की पलीकडच्या ब्रोकरने संदेश ताब्यात घेतला. ब्रोकरने पुढे काय केले याच्याशी तिचा संबंध नाही. आमच्या वाटेत यंत्र ते मॉस्किटो, मॉस्किटो ते आयओटी कोअर, तेथील नियम ते रांग, रांग ते माहितीसाठा असे टप्पे आहेत आणि प्रत्येकाची पोच स्वतःपुरती आहे.

सेतू पुन्हा जोडल्यावर साठलेले संदेश क्रमाने पुढे गेले, म्हणून चाचणी उत्तीर्ण असे म्हणता आले असते. पण मॉस्किटोच्या मूळ सेटिंगवर दोन आक्षेप आहेत. २.० आवृत्तीत एका ग्राहकासाठी रांगेत जास्तीत जास्त हजार संदेश राहतात, आणि आमचा सेतू हा ब्रोकरच्या दृष्टीने एकच ग्राहक आहे. तासाला चाळीस संदेशांच्या हिशेबाने हजारांची रांग पंचवीस तास पुरते, पण पाठवणी पंधरा मिनिटांवर आणली तर सव्वासहा तासांत भरते, आणि त्यानंतर आलेले संदेश टाकले जातात. पावसाची रात्र, शनिवार, आणि सेतू संध्याकाळी तुटलेला, असा योग जुळायला वेळ लागत नाही. दुसरे असे की रांग डिस्कवर लिहिण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की रांग गेली. मर्यादा वीस हजारांवर नेली आणि डिस्कवरील नोंद सुरू केली.

तरीही रांगा वाढवत नेण्यावर माझा विश्वास नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर कोणती ना कोणती मर्यादा असणारच. मापन जेथे जन्मते तेथेच ते राहिले पाहिजे. एक मापन चौसष्ट बाइटांत मावते. दिवसाला शहाण्णव मापनांचे सहा किलोबाइट होतात. फलकावरील चार मेगाबाइटांच्या फ्लॅशमध्ये त्या हिशेबाने सहाशेहून अधिक दिवस बसतात. मग पोच मिळाली म्हणून नोंद पुसण्याचे कारणच काय? फर्मवेअर बदलले: नोंद पुसली जात नाही, फ्लॅश भरल्यावर सर्वांत जुनी नोंद झाकली जाते, आणि प्रत्येक नोंदीला कधीही शून्यावर न येणारा बत्तीस बिटांचा क्रमांक आहे.

एमक्यूटीटीचा पाकिट क्रमांक या कामाला उपयोगी नाही; तो सोळा बिटांचा असतो, त्या एका टप्प्यापुरता असतो आणि पोच मिळताच पुन्हा वापरला जातो. पुनरावृत्ती दाखवणाऱ्या डीयूपी खुणेवरही विसंबता येत नाही, कारण मॉस्किटो पुढे पाठवतो तो त्याच्या दृष्टीने नवा संदेश असतो. म्हणून माहितीसाठ्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि नोंदीचा क्रमांक मिळून एकमेव किल्ली केली आहे. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर ती शांतपणे सोडून दिली जाते. पोच वाटेत हरवल्यामुळे दोनदा आलेली नोंद आणि आम्हीच पुन्हा मागवलेली नोंद यांत मग फरक करावा लागत नाही.

१२ नोव्हेंबर २०२४

तपासणीची यंत्रणा चालू झाली. क्लाउडवर रोज रात्री प्रत्येक यंत्राच्या क्रमांकांची मालिका पाहिली जाते आणि मधले क्रमांक गहाळ असतील तर ‘अमुकपासून तमुकपर्यंत पुन्हा पाठव’ अशी आज्ञा त्या यंत्राच्या टॉपिकवर क्यूओएस १ ने दिली जाते. आज्ञा सेतूवरून मॉस्किटोकडे येते आणि यंत्र झोपलेले असले तरी थांबून राहते, कारण यंत्राने जोडताना जुने सत्र कायम ठेवायला सांगितलेले असते. पहिल्या नोंदीत अंदाज केला होता तो उपयोग हाच.

उगावच्या दोन बागांमध्ये टॉवर दुरुस्तीमुळे दोन दिवस सिग्नल नव्हता. सिग्नल आल्यावर ताजे मापन आधी गेले आणि जुनी मापने पुढच्या काही जोडण्यांत थोडी थोडी आली. हा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे. फवारणीच्या निर्णयाला ताजे मापन हवे आणि ओल्या तासांच्या बेरजेला जुने. जुनी सगळी आधी पाठवत बसले तर सकाळ निघून जाते.

२८ नोव्हेंबर २०२४

गप्प झालेले यंत्र कसे ओळखायचे यावर आज निर्णय झाला. लास्ट विल या सोयीची मागणी झाली होती: जोडणी अचानक तुटली तर ब्रोकरने यंत्राच्या वतीने ‘मी गेलो’ असा संदेश द्यावा. आमची यंत्रे दर तासाला रीतसर निरोप घेऊन झोपतात, आणि रीतसर निरोप घेतला की ब्रोकर तो संदेश रद्द करतो. बॅटरी झोपेतच संपली तर ब्रोकरला काहीच कळणार नाही. सतत जोडलेल्या यंत्रांसाठी ती सोय उत्तम आहे, येथे तिचा उपयोग नाही. म्हणून प्रत्येक संदेशात यंत्र पुढच्या भेटीची वेळ सांगते आणि त्या वेळेनंतर ठराविक काळ वाट पाहून क्लाउड स्वतः शंका घेतो. सोबत बॅटरीचे व्होल्टेज, सिग्नल आणि टॉवरच्या सेलचा क्रमांक येतो. एकाच सेलवरची सगळी यंत्रे गप्प असतील तर माणूस पाठवायचा नाही, एकटेच गप्प असेल आणि शेवटचे व्होल्टेज उतरलेले असेल तर पॅनेल पुसायला सांगायचे. फवारणीनंतर पॅनेलवर औषधाचा पांढुरका थर बसतो, हे बहुतेक तक्रारींचे मूळ निघाले.

१६ डिसेंबर २०२४

थंडी सुरू झाल्यापासून एक नवा भार दिसतो आहे. पान ओले झाले की यंत्राने तासाऐवजी पंधरा मिनिटांनी पाठवावे, अशी सोय ऑक्टोबरच्या पावसासाठी केली होती. डिसेंबरात निफाडकडे रोज रात्री दव पडते, संवेदक दव आणि पाऊस यांत भेद करत नाही, आणि यंत्रे जवळजवळ प्रत्येक रात्री जलद पाठवणीत जातात. दिवस लहान, सकाळी धुके, त्यामुळे चार्जिंगही कमी. तापमान दहा अंशांखाली असताना डाऊनीचा संसर्ग मंदावतो, म्हणून कृषितज्ज्ञांच्या संमतीने अट बदलली: पान ओले आणि तापमान ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच जलद पाठवणी. मोजणी मात्र सर्व रात्री पंधरा मिनिटांनीच चालू राहील.

ही मर्यादा सेटिंगच्या टॉपिकवर रिटेन केलेल्या, म्हणजे ब्रोकरने टॉपिकवर जपून ठेवलेल्या, संदेशातून दिली. यंत्र दर जोडणीला त्या टॉपिकचे सदस्यत्व घेते आणि प्रत्येक वेळी त्याला सर्वांत अलीकडची सेटिंग मिळते, मधल्या जुन्या मिळत नाहीत. पुन्हा पाठवण्याच्या आज्ञा याच कारणाने कधीही रिटेन करायच्या नाहीत. केल्यास यंत्र दर तासाला तीच जुनी मापने पाठवत राहील. देखभालीच्या तक्त्यात हे ठळकपणे लिहिले आहे.

राखीव आयपीवरील सर्व्हर पुढच्या आठवड्यात एका रात्रीपुरता मुख्य करून पाहायचा आहे. दोन्ही ब्रोकरवरची सत्रे वेगवेगळी असल्याने पहिल्याकडे थांबलेल्या आज्ञा दुसऱ्याकडे दिसणार नाहीत. त्या रात्रीची गहाळ मालिका दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत आपोआप पुन्हा मागवली जाते का, एवढेच पाहायचे उरले आहे.